बार्शीच्या चौकातला मुराळी

परदेशात घर घेऊन हिंडणारा परंडा तालुक्यातला पहिला माणूस मी. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही!

परदेश म्हणजे बार्शी. हसू नका! १९४४ साली परंड्यापासून नऊ कोसांवर निजामाची मोगलाई संपून इंग्रजांचा मुलूख लागायचा; राजा बदलायचा, नाणं बदलायचं, पोस्टाच्या तिकिटावरचा शिक्का बदलायचा. एवढं बदलल्यावर आणखी परदेश तो कसला? आणि घर म्हणजे खरोखरच घर. हैदराबादला कॉलेजात असताना वाचनालयातल्या एका विलायती मासिकात मी चित्र पाहिलं होतं. साहेबानं मोटारीमागं अख्खं घर बांधलंय आणि मडम खिडकीतून चहा देतेय. वीस वर्षं ते डोक्यात होतं. शेवटी एकबैली छकड्यावर बांबूच्या कांबी वाकवून मी तागाचं छप्पर घातलं. आत गादी, स्टोव्ह, तांब्या, खुंटीला आरसा. मागच्या बाजूला फुलाफुलांचा पडदा.

पडदा लेकीसाठी होता. पंचमीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. माझ्या महानंदाला भाऊ नाही, म्हणून मुराळीही मीच. तिची आई, चन्नम्मा, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि महानंदाचं लग्न होऊन सव्वा वर्ष. तेव्हापासून शाळेतून आल्यावर कुलूप काढण्याआधी मी कडी वाजवतो. आत कुणी नाही हे ठाऊक असतं. पण वाजवतो.

व्याही महालिंगप्पा बार्शीचे अडते. वेळेचे इतके पक्के, की घड्याळानं त्यांना विचारून पुढं सरकावं! त्यांचं कार्ड आलं : "शुक्रवारी दुपारच्या रेल्वेनं आम्ही सगळे पंचमीला कुर्डुवाडीस जाणार. त्याआधी आलात तर सून तुमच्याबरोबर. नाहीतर आमच्याबरोबर."

बैल मागायला मी गुंडाप्पा तेल्याकडं गेलो. तो दर आठवड्याला बार्शीला जायचा, त्यामुळं तिकडचे कायदे त्याला तोंडपाठ.

"सडकंच्या डाव्या अंगानं चालायचं बगा मास्तर. चौकात मधोमध पोलीस हुबा असतोय, त्येला वळसा घालूनच फुडं जायचं. मधनंच घुसलात की धरतोय!"

"आणि थांबायचं असलं तर?"

"चौकात? आजाबात न्हाय!"

मी कलमवार लिहून घेतलं आणि चौथीच्या पोरांकडून दोन दिवस पाठही करून घेतलं.

"बैल कसा आहे?"

"रंग्या? लई शाना. नऊ वर्सं घाण्याला हाय. वळसा घालायचं त्येला शिकवाया लागत न्हाय! फकस्त मोटारीला बुजंल, म्हणून बार्शी आली की डोळ्यांना झापडं बांधा. अन् कुरकुर लागती त्येला. घाणा वाजतोय तवर चालतोय, वाजायचा थांबला की थांबतोय."

मी अठरा वर्षं चौथीला शिकवतोय. रंग्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

गुरुवारी दुपारी निघालो. चार कोसांत मी रंग्याला चन्नम्माच्या आजारपणापासून हेडमास्तरांच्या स्वभावापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं एकदाही "असू द्या मास्तर, चालायचंच" म्हटलं नाही. इतकं मन लावून माझं कुणी ऐकल्याला फार दिवस झाले होते.

शुक्रवारी सकाळी सरहद्दीच्या नाक्यावर कारकुनानं पडदा वर केला.

"ये क्या है?"

"घर."

"घर कहाँ ले जा रहे?"

"परत आणणार आहे."

त्यानं जकातीचं पुस्तक उघडलं. कापूस होता, तूप होतं, चामडं होतं. घर नव्हतं! तो पुढून वाचत गेला, मग मागून वाचत आला. यात दीड तास गेला. शेवटी त्यानं स्वतःच्या अकलेनं लिहिलं : "मकान, खाली. एक नग."

नोंद अगदी बरोबर होती. मी सही केली.

बार्शी आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मी रंग्याला झापडं बांधली आणि डाव्या अंगानं, अगदी कलमानुसार, चौकात शिरलो. मधोमध खोक्यावर पोलीस. मी वळसा घ्यायला लागलो, तोच डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक टांगा थोपवलेला दिसला. टांग्यात हातात घड्याळ धरलेले महालिंगप्पा, बाजूला विहीणबाई लक्ष्मम्मा आणि गाठोड्यांमध्ये माझी महानंदा! मंडळी स्टेशनकडंच निघाली होती.

"अप्पा!"

मी कासरा खेचला. रंग्या थांबतोय तोवर पोलिसानं शिट्टी फुंकली.

"ए गाडीवाले! चौकात थांबायचं नाही! चल फुडं!"

अडाणी माणूस असता तर थांबला असता. मी शिकलेला! म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणखी एक वळसा घेऊ आणि ऐटीत गल्लीत शिरू.

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत महाग पडलेली सुशिक्षित कृती!

कारण परंड्यापासून मी आखाला वंगण घातलं नव्हतं. चाकं घाण्यासारखी कुरकुरत होती. डोळ्यांवर झापडं, पायाखाली गोल वाट, कानात कुरकुर! रंग्याला नोकरीवर हजर झाल्यासारखं वाटलं. गल्ली आली तेव्हा मी दोन्ही हातांनी कासरा ओढला. त्यानं मान वाकडी केली, पाय सरळ ठेवले आणि टांग्यासमोरून मला पुढं नेलं.

"अप्पा, कुठं निघालात?" महानंदानं विचारलं.

"तुझ्याकडंच!" मी लांब जाता जाता ओरडलो.

तिसऱ्या फेरीला व्याही म्हणाले, "अहो मास्तर, थांबा की!"

"थांबत नाही!"

"का?"

याचं उत्तर चौथ्या फेरीला दिलं. "घाण्याचा आहे!"

पाचव्या फेरीला महानंदा म्हणाली, "किती वाळलात! जेवता ना?"

"जेवतो!"

सहाव्या फेरीला : "कशाशी?"

"आमटीशी!"

सातव्या फेरीला : "खोटं! तुम्हाला आमटी येत न्हाय!"

माझ्यावर नजर ठेवता ठेवता पोलीस स्वतःभोवती इतका फिरला होता, की आता तो खोक्यावर बसला. "थांब! थांब म्हणतो ना!"

"साहेब, तुम्हीच म्हणालात थांबू नका!"

चारी रस्ते तुंबले होते. गर्दीतून एक जण दुसऱ्याला समजावत होता, "मोगलाईतला हाय. तिकडं असंच चालवत्यात!"

आठव्या फेरीला मी ओरडलो, "मागनं चढतेस का? सासूबाईंना विचार!"

नवव्या फेरीला लक्ष्मम्मांनीच उत्तर दिलं. "अय्यो शिवा! चालत्या गाडीत सून चढवायची आमच्यात रीत न्हाय! थांबवा, मग न्या!"

दहाव्या फेरीला महालिंगप्पांनी घड्याळ पाहिलं. "मास्तर, आणखी दोन फेऱ्या वाट बघतो!"

मग मी खाली उडी टाकली, रंग्यापुढं गेलो आणि त्याची शिंगं धरून त्याला मागं रेटू लागलो. तो रेटला गेला नाही. अकरावी फेरी मी पाठमोरा चालत घातली. त्यामुळं टांगा कधी आला ते दिसलंच नाही. फक्त ऐकू आलं, "अप्पा, पाय सांभाळा!"

बैल सोडून सरळ टांग्याकडं का धावलो नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही ते सुचलं. परंड्यात परत आल्यावर!

बाराव्या फेरीला टांगा हलला होता. व्याही शब्दाचे पक्के. महानंदानं गाठोड्यांवरून एक हात वर केला आणि टांगा वळेपर्यंत तो तसाच ठेवला. माझे दोन्ही हात शिंगांना होते.

तेवढ्यात तेल विकणारी एक म्हातारी गर्दीतून पुढं आली. "आरं, बैलावर काय वरडताय? आखाला तेल घाला की!" असं म्हणून तिनं मडक्यातलं ओंजळभर तेल दोन्ही बाजूंना ओतलं.

कुरकुर थांबली. रंग्याही थांबला. दिवसाचं काम उरकलेल्या माणसासारखा त्यानं एक मोठा श्वास सोडला. स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी ऐकू आली.

पोलीस वही घेऊन डुलत डुलत माझ्याकडं आला. चौकात न थांबल्याचा गुन्हा त्याला पुस्तकात सापडेना. मग त्याचा चेहरा उजळला. "आता थांबलायस न्हवं? चौकात गाडी उभी केली! नाव?"

"भीमाशंकर मास्तर. परंडा."

"कशाला आलता?"

"मुराळी म्हणून. लेकीला न्यायला."

त्यानं पडदा वर करून आत पाहिलं. गादी, स्टोव्ह, आरसा.

"मग लेक?"

"भेटली की. बारा फेऱ्या भेटली."

त्यानं पेन्सिल कानामागं खोवली आणि वही मिटली. "जावा मास्तर. सावकाश जावा. डाव्या अंगानं."

पंचमीच्या सकाळी बैल न्यायला गुंडाप्पा आला. दारातनं आत डोकावत म्हणाला, "महानंदा आली का?"

"भेटली. लई गप्पा झाल्या."

"मग आनली का न्हाय?"

परदेशाहून आलेल्या माणसाला शोभेल असा आवाज काढून मी म्हणालो, "काय सांगू गुंडाप्पा, तिकडचे नियम फार कडक आहेत."