थांबलेल्या गाड्यावरचे गाणे

एकट्याने वाजवायचा निर्णय देवानंदने उस्तादाला सांगितला, तेव्हा बँडचा लाल कोट अजून त्याच्या अंगावरच होता. धरमसिंग उस्तादाने तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले.

"एकटा वाजवशीन? आन आयकन कोन?"

"पाहू ना, उस्ताद."

"रविवारी पाहूनच घेऊ. एक जरी मानूस तुह्यं सोताचं गानं शेवटपरेंत आयकत राह्यला, त तू मोकळा. नाही त मुकाट्यानं हाच कोट घालजो. लगीनसराई तोंडावर हाय."

देवानंद इंझोरीचा. कारंज्यात धरमसिंगच्या बँडमध्ये तो कीबोर्ड वाजवी; गावात त्याला सगळे पियानोच म्हणत. वरातीत चाकांच्या गाड्यावर तो बसे, मागून माणसे गाडा ढकलत आणि त्याची बोटे लोकांच्या फर्माइशी पुरवत. स्वतः रचलेली गाणी मात्र त्याने कधी वाजवली नव्हती. वरातीत गाणे कुणी ऐकत नाही, त्यावर नाचतात. आणि त्याची गाणी नाचण्याजोगी नव्हती.

पुनीत या मित्राने आपल्या वडिलांकडून, हुकूमचंद शेठांकडून, धर्मशाळेचे सभागृह मिळवले. शेठांची अट एकच होती.

"दिवस बुडाच्या आत आटपा. दिवस बुडाल्यावर मी जेवत नाही, अन् उपाशी मले झोप येत नाही."

रविवारी दुपारी बाजारपेठेतली मंडळी खुर्च्यांवर बसली. शेवटच्या रांगेत धरमसिंग होता. देवानंदला थेट घेऊनच जायचे, या खात्रीने त्याने बँडचा गाडा आणि माणसे बाहेर उभी केली होती.

देवानंद मंचावर बसला. खुर्ची स्थिर होती, पियानो स्थिर होता, समोरची माणसे स्थिर होती. त्याने पट्ट्यांवर बोटे ठेवली आणि तीही स्थिर झाली. कुणीतरी खोकले. पुनीत वाकून त्याच्या कानाशी आला.

"काहून थांबला रे?"

"हे हालून नाही राह्यलं."

"काय?"

"खालचं. इतके वर्स हालत्या गाड्यावर वाजवलं. चाक दगडावरून गेलं की बोट उचलते. इथं उचलतच नाही."

पुनीत व्यापाऱ्याचा मुलगा. अडचण दिसली की तोडगा त्याच्या जिभेवर असे. तो धरमसिंगकडे गेला.

"उस्ताद, गाडा देता का घडीभर? हालत्या गाड्याबिगर त्याचं बोटच उचलत नाही."

"घे. मी त त्याले नेयाले आनला होता."

गाडा सभागृहाच्या दारातून आत जाईना, म्हणून कार्यक्रम अंगणात आला. पियानो गाड्यावरच्या बॅटरीला जोडला. दोघांनी गाडा ढकलला, आणि देवानंदच्या बोटांतून पहिला सूर अलगद उतरला. मंडळी गाड्याबरोबर खुर्च्या फिरवत राहिली. पण अंगण लहान होते. दर कोपऱ्यावर गाडा वळवावा लागे आणि सूर तुटे.

"सरळ रस्ता पायजे," देवानंद खालच्या आवाजात म्हणाला.

फाटक उघडले. गाडा रस्त्यावर आला, आणि चालत्या गाड्यामागे निघण्याची जन्माची सवय असलेली मंडळी खुर्च्या सोडून मागे निघाली. गाडा निघालेला पाहून बँडच्या माणसांनी ढोल गळ्यात घातले. ढोल ऐकून गल्लीतली पोरे नाचू लागली. देवानंदचे गाणे त्या सगळ्याखाली कुठेतरी, पाण्याखालच्या दिव्यासारखे, तेवत होते.

चौकात एक बाई आरतीचे ताट घेऊन पुढे आली.

"नवरदेव कोनता व?"

गाड्यापुढे वाट मोकळी करत पांढऱ्या सदऱ्यातला पुनीत चालला होता. बाईने त्यालाच कुंकू लावले. तो नको म्हणेपर्यंत कुणीतरी त्याच्या गळ्यात हारही घातला.

"पुनीत," मागच्या मंडळीतून शेठांचा संथ आवाज आला, "लगीन करून राह्यला अन् बापाले सांगत नाही?"

"बाबूजी, नाही हो. देवानंदचा कार्यक्रम हाय."

"मंग हार तुह्या गळ्यात कायले?"

गाडा पुढच्या गल्लीत वळला, आणि ढोल एकाएकी बंद झाले. कुणी काही सांगितले नव्हते. त्या गल्लीत रुपाबाईचे घर होते; महिन्याभरापूर्वी तिचा नवरा गेला होता. ज्या घरात दुःख घडले, त्याच्या दारात बँड वाजत नाही. मुकाट्याने पुढे जातो. देवानंदनेही हात उचलले.

ओट्यावर बसलेली रुपाबाई म्हणाली, "थांबले काहून? बुढ्याले बँड लय आवडे. वाजव, बाप्पा. पन चालता चालता नको. थांबून वाजव."

धरमसिंगने हात वर केला. गाडा थांबला. देवानंदने थांबलेल्या चाकांकडे पाहिले, पण समोर ती म्हातारी होती. त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या नवलाला पारावार राहिला नाही: बोटे चालू लागली. तो गायला:

जऊळक्याच्या फलाटावर
क्षणभर गाडी थांबते,
तेवढ्यात जे राहते बोलणे
ते जन्मभर लांबते.

पोरे चुळबुळायची थांबली. शेठांनी एकदा मावळतीकडे पाहिले, मग गायकाकडे, आणि ते जागचे हलले नाहीत. अखेरचा सूर विझला तेव्हा सूर्य केव्हाच घरांमागे गेला होता. रुपाबाईने पदराने डोळे टिपले.

"आज उपास घडला," हुकूमचंद शेठ म्हणाले. "घडू दे. एवढं आयकल्यावर जेवलो असतो, तरी गोड लागलं नसतं."

पुनीत हारासकट हसला. देवानंदला वाटले, आपण सुटलो. स्थिर पियानोवर, एकट्याने, शेवटपर्यंत. त्या आनंदात तो खाली उतरला आणि गाड्यामागे गेला.

तिथे धरमसिंग उस्ताद गुडघ्यावर टेकला होता. गाड्याला खांदा लावून तो अजूनही त्याला हळूहळू मागेपुढे हलवत होता, पाळणा हलवावा तसा.

"उस्ताद?"

"थांबलेल्या गाड्यावर तुह्यं बोट उचलत नाही म्हने," तो धापा टाकत म्हणाला. "म्हनून हालवून राह्यलो. संपलं का गानं?"

"संपलं."

"अस्सं." गुडघे झटकत तो उठला. देवानंदच्या लाल कोटाची पिशवी गाड्यावर होती. ती त्याने काखेत मारली. "चांगलं हाय. उद्या दुसरा पियानोवाला पाहतो मी."