निखाडे सर आणि हवेतले पेपर

एआयला प्रश्न विचारण्याआधी निखाडे सर शर्टाची वरची गुंडी लावतात. तीही पुलगावच्या उन्हाळ्यात, स्टाफरूमचा कूलर नुसती गरम हवा फेकत असताना. आम्हा माणसांशी ते वऱ्हाडीत बोलतात, एआयला मात्र अर्ज केल्यासारखं लिहितात, "कृपया कपाशीच्या शेतातील कोळ्यांवरील शोधनिबंध सुचवावेत."

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, मी भूगोल. आमची टेबलं शेजारी-शेजारी. निवृत्ती जवळ आली तरी सरांची पीएचडी चालूच आहे. एआय आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटले बिचारे. झालं उलटंच. ते क्षणात ढीगभर पेपर सुचवायचं आणि सर एकेक हुडकत बसायचे. जर्नल खरं असायचं, लेखकही खरा असायचा, पेपर तेवढा कुठेच सापडायचा नाही. मग सर चष्मा काढून डोळे चोळत म्हणायचे, "हा बी हवेतलाच निघाला, मॅडम."

चूक दाखवली की एआय ताबडतोब माफी मागायचं आणि दुसरा हवेतला पेपर पुढे करायचं. सर त्यानंच जास्त थकायचे. "लगेच माफी मागते. याच्यासंगं भांडाले बी मजा नाई."

एकदा मी म्हटलं, जाऊ द्या ना सर, एवढे संदर्भ कोण तपासून बघतो? कोळ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट आणि बराच वेळ.

परवा दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत होते. मान दुखायला लागली म्हणून वर बघितलं, तर सर केव्हाचे एकाच ओळीवर थांबलेले. मी वाकून वाचलं. वडनेरच्या शेतांतले जाळं न विणणारे कोळी. लेखक शेंडे. साल गेल्या वर्षीचं.

शेंडे म्हणजे सरांचे एमएस्सीपासूनचे मित्र. दोघं भिंग घेऊन कपाशीच्या ओळींतून रांगायचे, शेतवाले त्यांना वेडे समजायचे, हे सरांकडूनच ऐकलेलं. शेंडे काविळीनं गेले, त्यालाही किती वर्षं झाली. दोघांच्या नावाचा एकच पेपर छापून आला होता. एआयनं नाव तिथूनच उचललं असणार.

"हाही नाहीच ना, सर?" मी हळूच विचारलं.

"नाई. काढून टाकला संदर्भांच्या यादीतून." सरांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. "पण विषय त्याचाच हाय, मॅडम. असता तं हेच लिहिलं असतं त्यानं."

मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधायला घेतला. सरांनी खाली टाइप केलं, शेंड्यांनी यानंतर आणखी काय काय लिहिलं?

उत्तर भराभर यायला लागलं. त्यातला एकही पेपर सर शोधायला गेले नाहीत. नुसते वाचत बसले.