जंतांचं चालचलन

झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या केशवरावांना आयुष्यात एकच शब्द चारचौघांत उच्चारता येत नव्हता, आणि नेमका त्याच शब्दावर त्यांच्या लेकीचं पोट चालत होतं. जंत.

ऋता मातीतल्या जंतांवर संशोधन करायची. डोळ्यांना धड न दिसणारे ते जीव भिंगाखाली वळवळत, कॅमेरा त्यांना टिपे, आणि कोण कुठे किती वाकला हे कंप्यूटर मोजी. त्यावरून धडधाकट कोण, आजारी कोण, ते कळे. खाण्याचा वास मागे पडायला लागला, की जंत अंगाचं वेटोळं करून थेट उलटा फिरतो, हे तिनं एकदा जेवताना सांगितलं. त्या दिवशी केशवरावांनी बायकोची, कमलिनीबाईंची, शेवयांची खीर ताटावरूनच परत पाठवली. आजवरची स्थळंही त्या एका शब्दापाशी चहा अर्धा टाकून उठली होती.

म्हणून इलाइट चौराह्यावर भेटलेल्या, लक्ष्मी गेटला राहणाऱ्या अनुसूयाबाईंनी बिटिया काय करते विचारलं, तेव्हा ते जपून म्हणाले, "कंप्यूटरवर चाल तपासते. कोण कसा चालतो, कुठे वळतो, सगळं."

"म्हणजे चाल-चलन?"

"तेच समजा," केशवराव म्हणाले आणि सुटले.

सुटले कसले? बोललेलं मराठीत, ऐकलेलं हिंदीत, आणि चालीचं झालं चारित्र्य. झाशीत एवढं पुरतं. दुसऱ्याच दिवशी अनुसूयाबाई होणाऱ्या जावयाचा व्हिडिओ घेऊन हजर. मागोमाग कुणी भाडेकरूचा पाठवला, कुणी नवऱ्याचा. एका दूधवाल्या भैयानं विकत घ्यायच्या म्हशीचा पाठवला, आणि ती मात्र ऋतानं खरंच तपासून दिली. बाकीच्यांवर ती भडकली. केशवराव म्हणाले, रविवार तेवढा निघू दे. रविवारी ग्वाल्हेरचा मकरंद तिला बघायला यायचा होता, आणि फोटो पाहून ऋता पहिल्यांदाच नाही म्हणाली नव्हती.

मकरंद आईबरोबर आला तो काठी गिळल्यासारखा. मान ताठ, पावलं फरशीच्या एकाच रेघेवर. मुलगी चालीवरून चारित्र्य ओळखते आणि छताला कॅमेरे आहेत, हे अनुसूयाबाईंनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं होतं. मान न वाकवता त्यानं चहा तोंडाला लावला. तो शर्टावर सांडला.

"बरं नाही का तुम्हाला?" ऋतानं विचारलं.

"चरित्र चांगलं आहे जी," तो छताला म्हणाला. "हवं तर परत चालून दाखवतो."

ऋतानं बापाकडे पाहिलं. बापानं पंख्याकडे. मग तो शब्द केशवरावांच्या तोंडून अखेर सांडला. "जंत आहेत हो."

"कुणाला?" मकरंदची आई खुर्चीतून अर्धी उठली.

शेवटी ऋतानंच सगळं उलगडून सांगितलं. "आणि आमच्याकडे इतका सरळ फक्त मेलेला असतो," ती मकरंदला म्हणाली. तो खळखळून हसला, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याची पाठ वाकली.

पण आई "कळवतो" म्हणून उठलीच. त्या शब्दाचा अर्थ केशवरावांना पाठ होता. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मकरंद आईमागून फाटकापर्यंत गेला, रेंगाळला, आणि एकदम जागच्या जागी वेटोळं घेतल्यासारखा वळून थेट मागे आला.

"चष्मा राहिला माझा," तो दारात म्हणाला. चष्मा नाकावर होता.

ऋतानं त्याला खुर्ची पुढे केली.

"अगं, शेवयांची खीर आण," केशवरावांनी आत आवाज दिला. "मलाही एक वाटी."