पचन आणि विजेच्या मधलं मन

एका जंगलात, मुलांनो, एक हायस्कूल होतं. तिथे साळुंकीबाई नववीला विज्ञान शिकवायच्या. बाईंना विज्ञान मनापासून आवडायचं. त्यामुळे त्यांना बढती कधी मिळाली नाही.

एकदा दरबारात बातमी आली. नदीपलीकडच्या जंगलात म्हणे शाळेत मन शिकवतात! वाघमहाराजांना ते फार झोंबलं.

"का? आपल्याकडे मन नाही?" त्यांनी डरकाळी फोडली.

"आहे ना, महाराज," शिक्षणाधिकारी कोल्हेसाहेब म्हणाले. "फक्त पुस्तकात नाही. घालून टाकू."

आणि घातलं. विज्ञानाच्या पुस्तकात पचन आणि वीज या दोन धड्यांच्या मध्ये मन बसलं. त्याला वेळ हवा, म्हणून खेळाचा तास काढून टाकला.

इतर शाळांतल्या गुरुजींनी 'घरी वाचून या' म्हणत धडा उरकला. साळुंकीबाईंना मात्र आनंद झाला. खुळ्याच त्या!

"भीती वाटली की आपल्याला काय होतं?" त्यांनी वर्गात विचारलं.

असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग साळिंदराचा पोरगा हळूच म्हणाला, "बाई, माझे काटे उभे राहतात." सशाचे कान ताठ व्हायचे. चितळांची बकुळा मागच्या बाकावरून पुटपुटली, "माझ्या पोटात गोळा येतो. आणि येत असलेलं सगळं विसरायला होतं."

"कधी होतं असं?"

बकुळाने दाराकडे पाहिलं. बाहेर मुख्याध्यापक गवेसर छडी घेऊन फेरी मारत होते.

"विज्ञानात नुसतं सांगून भागत नाही," बाई म्हणाल्या. "पडताळून बघू."

पोरं कामाला लागली. एकमेकांच्या छातीला कान लावून ठोके मोजू लागली. डबा खाताना मोजले, प्रार्थनेला मोजले. गवेसर वर्गात आले तेव्हाही मोजले. रोज तोच निष्कर्ष. पोरांनी मोठा तक्ता केला, आलेख काढला आणि विज्ञान प्रदर्शनात टांगला. वर ठळक अक्षरात लिहिलं : 'आमच्या भीतीचे कारण'. खाली गवेसरांचं चित्र. शिंगं अगदी हुबेहूब आली होती.

उद्घाटनाला कोल्हेसाहेब आले होते. त्यांनी तक्ता पाहिला. मग गवेसरांना पाहिलं. गवेसरांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती.

बाईंना ऑफिसात बोलावणं आलं.

"तुमचा प्रयोग चुकलाय," कोल्हेसाहेब म्हणाले.

"पुन्हा पुन्हा करून पाहिलाय, साहेब."

"प्रयोग बरोबरही असेल हो. पण उत्तर पुस्तकाबाहेरचं आहे. पुस्तकात काय दिलंय? भीती विद्यार्थ्याच्या चुकीच्या श्वासोच्छ्वासामुळे वाटते. उपाय, दीर्घ श्वास."

"पण सर छडी घेऊन येतात तेव्हा—"

"तेव्हा दीर्घ घ्यायचा!" गवेसर गरजले.

बाईंच्या लक्षात आलं, आपल्याही पोटात गोळा आलाय. त्यांनी तसं सांगितलं नाही. सांगून तरी काय, पुराव्यात भर पडली असती एवढंच.

विज्ञान काढून बाईंना चित्रकला दिली. मनाचा धडा पोपटसरांकडे गेला. त्यांनी तो घोकून घेतला. पोरं एका सुरात म्हणू लागली, "भीतीची पाच लक्षणे! छाती धडधडणे! घाम फुटणे!" वर्ग कसा शिस्तीत चालला.

परीक्षेच्या दिवशी बाईंना बकुळाच्याच वर्गात पर्यवेक्षण आलं. पहिलाच प्रश्न होता, 'भीतीची लक्षणे लिहा.' गवेसर बाकांमधून फिरत होते. बकुळाची छाती धडधडत होती. घाम फुटला होता. चारी पाय लटपटत होते, तोंडाला कोरड पडली होती आणि पोटात गोळा आला होता. पाचही लक्षणं अगदी पुस्तकाबरहुकूम! कागद तेवढा कोरा होता.

"बाई, सगळं पाठ होतं हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

साळुंकीबाई उडून तिच्या बाकावर बसल्या. बोलायला बंदी होती, म्हणून बोलल्या नाहीत. नुसता तिच्या डोक्यावर पंख ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. हळूहळू बकुळाचे पाय थांबले. तिने पेन उचललं.

"कॉपी!" तपासणीला आलेले कोल्हेसाहेब दारातून ओरडले.

बकुळाचा पेपर काढून घेतला. बाईंची चौकशी बसली, आणि चौकशीत त्यांनी कबूल केलं की होय, मदत केली. नोकरी गेली; त्या आता नदीकाठच्या बाभळीवर राहतात. बकुळा नापास झाली. बाकी शाळेचा निकाल उत्तम लागला आणि पोपटसरांना आदर्श शिक्षकाची शाल मिळाली. सत्काराला पोरांनी सामुदायिक दीर्घ श्वास घेतला.

तात्पर्य : मुलांनो, मनाचा अभ्यास अवश्य करावा. मात्र अभ्यास करताना शाळेच्या आवारात कुणापाशी खरोखरचं मन आढळल्यास, त्याला हात न लावता ताबडतोब मुख्याध्यापकांना कळवावे.