धरून चला, खरं आहे

मी पिंजऱ्यात उभी होते. कठड्याला हात लावला तर तो ओला. माझ्या आधी तिथे एक सायकलचोर उभा होता, त्याचा घाम होता तो. कारकुनाने माझं नाव वाचलं. मग मी घरमालक गुलाबराव यांना ठार करण्याची धमकी दिली, असं वाचलं.

"साहेब," मी म्हणाले, "मी असं काही..."

"बोलू नका बाई!" मागच्या बाकावरून एक माणूस ओरडला. "धरून चला, खरं आहे!"

भरलं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटने चष्म्यावरून पाहिलं. "कोण आहे तो?"

त्या माणसाने हात जोडले, मान झुकवली आणि आपणच आपला पुकारा केला. "गोविंद मुन्शी, हाजिर!"

साहेबांनी त्याला दम दिला, मला पुढची तारीख दिली आणि पुढचा खटला घेतला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मला कोणी चोर म्हटलं नव्हतं, खुनी तर नाहीच नाही. बाहेर व्हरांड्यात मी मुन्शीजींना गाठलं.

"मुन्शीजी, मले पागल समजता का? मी बोललीच नाही त धरून काहून चलू?"

"त्याच्यासाठीच," ते म्हणाले, आणि फायलीची फीत बांधत निघून गेले.

हे मुन्शीजी आमच्याच घरात राहायचे. घर गुलाबरावचं. वर तो, खाली पुढच्या दोन खोल्यांत मी, मागच्या एका खोलीत मुन्शीजी. एका मोठ्या वकिलांकडे ते मुन्शी होते. फायली वाहायच्या, तारखा लिहून घ्यायच्या, अर्ज नेऊन द्यायचे, हे काम. एकटेच राहायचे. बायको केव्हाच वारली, एवढंच गल्लीला माहीत होतं.

या माणसाने जन्मात कोणाच्या दाराची कडी वाजवली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि कोर्टातल्या चपराशासारखं आपलं नाव पुकारायचं, "गोविंद मुन्शी हाजिर!" एकदा नाही, तीनदा. तिसरा पुकारा झाल्याशिवाय आत पाऊल नाही. विरजण मागायला आले तरी तेच, न्हाव्याकडे गेले तरी तेच. मारुतीच्या देवळात पुजारी त्यांना म्हणाला, "देवाले दिसते गा मुन्शीजी." तरी तीनदा. संध्याकाळी स्वतःच्या रिकाम्या खोलीचं कुलूप काढतानाही आधी पुकारा, मग चावी. मी पोळ्या लाटत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आत कोण बसलं आहे, पाल?

दुसरी खोड ते 'धरून चला'. बाजारात वांगेवाली म्हणाली, "आजच तोडले, दादा." हे म्हणाले, "धरून चला, आजच तोडले. मंग हा किडा एका दिवसात इतका मोठा झाला का?" मी म्हणाले, गुडघा दुखतो. "धरून चला, दुखते. मंग गच्चीवर पापड वाळवाले काहून गेल्या?" समोरच्याचं म्हणणं आधी सगळं मान्य करायचं आणि मग त्याचं त्यालाच फेडायला लावायचं. भांडायला गेलेला माणूस घरी येऊन विचार करत बसायचा की आपण जिंकलो की हरलो.

आणि सगळ्या वस्तूंना फायलीची पांढरी फीत. डब्याला, छत्रीला, मेथीच्या जुडीला. एकदा माझी मांजर त्यांच्या दुधात तोंड घालताना सापडली, तर तिच्या गळ्यात फीत बांधून तिला माझ्यासमोर आणून ठेवलं. पुरावा म्हणून.

आता मी बोलले नाही ते काय, ते सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. बाईचा हा मोठा पुतळा. घरातला रोग, पीडा, काय नको असेल ते तिच्यावर सोपवायचं, ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" आणि मग तिला नेऊन जाळायचं. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या वीसेक बायका ओट्यावर उभ्या होत्या. मी ओरडले, "खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकूण घेऊन जा गे मारबत!" एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "गुलाबरावले घेऊन जा गे मारबत!" सगळ्या हसल्या. मीही हसले. कोण बोललं ते मला आजही माहीत नाही. बोलली ती खरं बोलली.

गुलाबराव वर गॅलरीत उभा राहून दातण करत होता. त्याचं चुन्याचं दुकान होतं आणि माझ्या खोल्या त्याला चुन्याची पोती ठेवायला हव्या होत्या. दोन वर्षं तो मला काढायला बघत होता. नळ तोडून पाहिला, संडासाला कुलूप लावून पाहिलं, मी हलले नाही. आता त्याच्या हाती मारबत लागली. आठ दिवसांत त्याने कोर्टात फिर्याद टाकली, की अनसूयाबाईने मला ठार करण्याची धमकी दिली, त्या भीतीने मी आजारी पडलो आणि चारचौघांत माझी अब्रू घेतली. साक्षीदार दोन, दोघेही त्याच्याच दुकानात पोती उचलणारे.

मी मुलींच्या शाळेत शिपाईण होते. घंटा माझ्याकडे. नोकरीची चार वर्षं राहिली होती. समन्स आल्याचं कळलं तशी हेडबाईंनी मला बोलावलं. "अनसूयाबाई, खटला निकाली निघेपर्यंत येऊ नका. मुली काय शिकतील?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली घंटेची हातोडी काढून घेतली. ज्या बाईला दहाचे ठोके कधी अकरा पडल्याचे कळले नाहीत, ती मला शिकणं सांगत होती.

मी मुन्शीजींना विचारलं, "खटला किती चालते?"

"पाच वर्षं. सात. साहेब बदलत गेले त दहा."

म्हणजे कोर्ट मला निर्दोष म्हणेल तेव्हा माझं घंटा वाजवायचं वय संपलेलं असेल. गुलाबरावला खटला जिंकायचाच नव्हता. तो चालत राहिला की झालं. पगार नसलेली बाई खोल्या सोडून कुठंतरी जाईलच.

मुन्शीजी माझ्या ओट्यावर बसले आणि बोटाने हवेत ओळ मारली. "खटला लढायचाच नाही, बाई. खुडायचा. सुरू होयाच्या आधी. हायकोर्टात अर्ज करायचा, हा खटला रद्द करा म्हणून. हायकोर्ट काय करते? फिर्यादीत लिहिलं ते सगळं खरं धरते. अन् मंग विचारते, इतकं खरं धरलं तरी गुन्हा होते का? नसन होत, त तिथंच बंद."

"पण मी बोललीच नाही ना!"

"तेच म्हणायचं नाही. म्हणलं, का ते म्हणतीन, मंग जा खाली, साक्षी द्या. साक्षी आल्या का खटला आला. खटला आला का तुमची घंटा गेली."

"म्हणजे माझं खरं सांगायचं नाही?"

"नाही."

"अन् त्या चुनेवाल्याचं खोटं खरं धरायचं?"

"शब्द अन् शब्द."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना नाही नाही ते बोलले. घाबरट म्हटलं, फायली वाहून वाहून पाठीचा कणा राहिला नाही म्हटलं. त्यांनी अर्जाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शेवटी म्हणाले, "धरून चला, मी घाबरट. मंग? सही करता का?"

मी चौथी शिकले आहे, अंगठा देत नाही. सही केली. इतकी दाबून केली की कागद फाटला. दुसऱ्या दिवशी दुसरा आणावा लागला.

हायकोर्टात पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही, ही एक गोष्ट बरी. मागच्या बाकावर बसले. पुढे मुन्शीजींचे वकील उभे होते, सगळं इंग्रजीत चाललेलं. मुन्शीजी माझ्या शेजारी बसून कुजबुजत सांगत होते.

"जज्ज विचारून राहिले, फिर्यादीले घेऊन कोण जाणार होतं?"

"मग?"

"आपले वकील म्हणून राहिले, मारबत."

जज्जसाहेब काहीतरी बोलले. पुढच्या रांगेतल्या काळ्या कोटांचे खांदे हलायला लागले.

"काय म्हणले?"

"म्हणले, तिले आरोपी काहून नाही केलं? ती कुठी आहे? वकील म्हणले, तिले त्याच दिवशी जाळलं, माय लॉर्ड."

गुलाबराव दोन बाकं पुढे बसला होता. त्याची मान टोमॅटोसारखी झाली. पण खरा घात त्याचा त्यानेच केला होता. फिर्याद देताना त्याने दातण गाळून लिहिलं होतं, 'मी नेहमीप्रमाणे गॅलरीतून मारबतीला नमस्कार करीत असता.' जज्जसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. धमकी ऐकून भीतीने आजारी पडलेला माणूस धमकी पुरी करणारीला हात जोडत होता का, असं त्यांनी विचारलं. त्याच्या वकिलाने ती ओळ आपल्या प्रतीत शोधायला घेतली.

फिर्याद सगळी खरी धरली तरी गुन्हा होत नाही, खटला रद्द. इतक्या वेळात माझी तुरीची डाळ शिजत नाही.

सोमवारी मी शाळेत गेले, हेडबाईंच्या टेबलावरून हातोडी उचलली आणि घंटेला असा ठोका दिला की त्या धावत व्हरांड्यात आल्या. दुसरा दिला.

पण घरी आले की जीव जळायचा. गल्लीतल्या बायका हसायच्या, "काय वं अनसूयाबाई, तुमची मारबत काही नेऊन नाही राहिली त्याले!" ओट्यावर माझ्या बाजूला उभी असलेली चंद्रभागाही म्हणायची, "बोलल्या त बोलल्या, बरं केलं." आणि गुलाबराव वरून थुंकत कोणाला ना कोणाला सांगायचा, "सुटली ती कायद्यानं. बोलली होतीच." कोर्टाने मला सोडलं होतं, पण मी बोलले नाही हे कोणीच म्हटलं नव्हतं. कागदावर मी बोललेलीच होते. आठ दिवस मी मुन्शीजींशी बोलले नाही. नवव्या दिवशी शाळेतून आले ती सरळ त्यांच्या खोलीत शिरले, बिनपुकारा.

ते ताटात तांदूळ निवडत बसले होते.

"मले परत कोर्टात घेऊन चला. मी बोलली नाही, असं मले लिहून पाहिजे."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. देवांच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी, फितीने बांधलेला एक गठ्ठा होता. तो काढला आणि माझ्या हातात दिला.

"लिहून भेटते बाई. हे पाहा."

मी शेवटचं पान लावत लावत वाचलं. आरोपी गोविंद याने गुन्हा केल्याचं शाबीत होत नाही. निर्दोष.

"हे तुम्ही?"

"कचेरीत कारकून होतो. रेकॉर्डातून एक दस्त गहाळ झाला. माझ्यावर घातलं. तवाच वकील म्हणले होते, गोविंदा, वर जाऊ, खुडून टाकू. मी म्हणलो, मी केलंच नाही त धरून काहून चलू? मले लिहून पाहिजे." त्यांनी पुन्हा ताट ओढून घेतलं. "भेटलं लिहून. नऊ वर्षांनी."

माझेच शब्द होते ते. तरी मी वाकडंच बोलले. "अन् बायको काय म्हणली?"

"सहाव्या वर्षी आजारी पडली. खाप्याले होती, कन्हानच्या काठी, माहेरी. सकाळी माणूस आला सांगाले, का आटोपलं. त्या दिवशी तारीख होती. पुकारा झाला अन् आपण नसलो, त वॉरंट निघते. तीनदा पुकारतात." त्यांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तिसऱ्या पुकाऱ्याले म्हणलो, हाजिर."

मी गठ्ठा फीत बांधून फळीवर ठेवला. पुन्हा कोर्टाचं नाव काढलं नाही. राग गेला नाही. तो आहे, फक्त आता त्याला एकटा गुलाबराव पुरत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. मागे कुलपासमोर पुकारा सुरू झाला. एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. मी लाटणं आपटून ओरडले, "आहात हाजिर, मालूम आहे! जेवाले या इकडं!"

तिसरा पुकारा झाला नाही.

बायको कन्हानच्या काठावर जळत होती तेव्हा जो माणूस नागपूरच्या कोर्टात न केलेल्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभा होता, तो हा गोविंद मुन्शी.