सासूबाईंस गिळंकृत केल्याची हकीकत

लहानथोर समस्त श्रोतेमंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे, दंतवैद्य जावईबापू यांणी शनिवारी सकाळी वाचनालयाचे दिवाणखान्यात बाळगोपाळांपुढे गोष्टीतला लांडगा होऊन जी स्वारी केली, तिचा मजकूर ज्याने त्याने मीठमसाला लावोन सांगितला, सबब खरी हकीकत लिहोन ठेवणे प्राप्त जाहले.

कन्या धाकट्या सरकार यांणी वर्गात डंका पिटिला की माझे बाबा लांडगा होऊन आजीला गिळणार आणि तुम्ही सगळे घाबरणार. ऐसी जबान दिली गेली आणि मग बापाची अब्रू ती लेकीची अब्रू होऊन बसली.

या घराण्याचा रिवाज ऐसा की सर्वांची मंजुरी असल्याविना खिडकीचा पडदाही बदलत नाही. सबब लांडगा आजीस गिळितो ती लाल टोपीवाल्या पोरीची जुनी गोष्ट नव्या जमान्यास साजेशी करावी म्हणोन स्वयंपाकघरात मसलत बसली आणि धाकट्या सरकारांचे मातोश्रींनी फर्माविले की पोरीस कोणा लाकूडतोड्याने सोडवू नये, आणि थोरले चिरंजीव बोलिले की लाकूडतोड्याने झाडच तोडू नये, आणि खुद्द जावईबापूंनी लांडग्यास दोन वेळ दात घासावयास लाविले. मग सासूबाई कडाडल्या, "म्हातारी म्हणजे आजारीच असायची का? आणि जावयाने सासूला गिळायचं? लोक काय म्हणतील!" तेव्हा आजी पोहावयास गेली ऐसे ठरले. धाकट्या सरकारांस मात्र कोणी पुसिले नाही.

मग शनिवारी जावईबापू लोकरी टोपी घालोन, कमरेस मफलरचे शेपूट बांधोन मैदानी उतरले आणि आजीचे रिकाम्या घरी बसोन गाजर खाते जाहले. समोरील बाळगोपाळांची निम्मी फौज त्यांचेच दवाखान्यातील रोगी, सबब तोंडे घट्ट मिटोन बसली होती, ती आता जांभयांनी उघडली. मागून एकाने पुसिले, "हा चावतो कधी?" धाकट्या सरकारांनी मान खाली घातली.

ते पहिल्या रांगेतील सासूबाईंनी पाहिले. मग कमर कसोन त्या उठल्या, वाचनाचे मेजावर आडव्या जाहल्या आणि मेजावरील चादर अंगावर ओढोन हुकूम केला, "जावईबापू, मी पोहून आले. गिळा आता!"

"अहो आई, लोक..."

"लोक गेले खड्ड्यात. तोंड उघडा! रोज दुसऱ्यांना सांगता ना?"

मग जावईबापूंनी ऐसी डरकाळी फोडिली की फळीवरले शब्दकोश हादरले, आणि चादरीत शिरोन सासूबाईंस सबंध गिळिले, आणि फौजेत एकच किंकाळी उठली. धाकट्या सरकार खुर्चीवर चढोन गर्जल्या, "बघितलंत? माझी आजी आहे ती!" तो आनंद पाहोन बखरकाराचेही डोळे भरले.

मग सरकारांनी शेपूट धरोन लांडगा ओढिला, तो आतून दुसरा हुकूम सुटला, "थांब गं जरा, अजून एकदा ओरडू देत पोरांना!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लेकीची जबान राहिली. सासूबाई जावयाचे पोटी बहुत खुशाल असोन बाहेर येण्यास राजी नाहीत, हे नोंदिले असे.