अमरावतीतली कराची

लोकूमलजी बूट घालायला अकोल्याहून अमरावतीला जायचे. घ्यायला नव्हे, फक्त घालायला. सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथे गाडी बदलून अमरावती आणि स्टेशनातून तडक एका बड्या कंपनीच्या बुटांच्या दुकानात. बाकावर बसून दोन-चार जोड पायात चढवायचे, आरशासमोर फेरी मारायची आणि आपल्या झिजलेल्या चपलांत पाय सरकवून परत अकोला. महिन्यातला एक रविवार ह्या कार्यक्रमाला वाहिलेला असे.

फाळणीत कराचीहून निघालेले हे गृहस्थ छावण्यांतून हिंडत आमच्या शेजारच्या खोलीत येऊन टेकले. मी शाळामास्तर, ते हातगाडीवर कापडाचे तुकडे विकत. मराठी शिकले ती आमच्या गल्लीतच, त्यामुळे सिंधी तोंडातून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडायची. "काहून जी, जेवले काय?" असं त्यांनी विचारलं, की माझे पुण्याचे साडू गारच पडत.

अकोल्यातली एकही गोष्ट त्यांना पसंत नव्हती. ऊन 'फालतू', विहिरीचं पाणी 'खारं', आणि काळी माती पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते म्हणून 'चोट्टी'. कराचीची हवा, कराचीचा समुद्र, कराचीची मासळी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता कराची परदेशात गेली होती, आणि परवाना काढून तिथे भेटायला जावं असं त्यांचं कुणी उरलंही नव्हतं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर अमरावतीला गेलो. दुकानाच्या दारातच त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"पाहा मास्तर, वास! बराबर तसाच!"

त्या कंपनीची दुकानं म्हणे सगळीकडे एकाच साच्यातली. कराचीतही हाच लांब आरसा, हेच तांबडं बाक, पाय ठेवायचं हेच उतरतं स्टूल. प्रत्येक वस्तूला हात लावून त्यांचं "बराबर तसंच!" चाललं होतं. विक्रेत्यालाही त्याची सवय झालेली.

"आज कोनता देऊ, शेठ?"

"मांगच्या टायमाचाच दे."

माझ्या शाळेतलं कुणी बघत नाही ना, म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून उभा होतो. बूट पायात सरकला आणि लोकूमलजींनी डोळे मिटले. असला वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. एका रविवारी ते लवकरच परतले आणि ओट्यावर नुसते बसून राहिले.

"काय शेठ, आज बूट चावला वाटतं?"

"दुकान तोडून टाकलं, मास्तर. काचा लावून राहिले. नवीन डिझाईन म्हन्ते."

"मग काय बिघडलं? तुमचं कराचीचं दुकान तर डोक्यात पक्कं आहे ना?"

"तेच तं गेलं जी."

मला कळेना. ते जमिनीकडे बघत बोलू लागले.

"लगीन झाल्यावर मी तिले त्या कराचीच्या दुकानात घेऊन गेलो होतो. मी बूट घालून पाहून राहिलो, अन् ती बाजूले बसून हासून राहिली. मांग छावनीत तापानं गेली. फोटो नाई, काई नाई. तिचं तोंड मले त्या दुकानातच आठोते. म्हनून जात होतो अमरावतीले."

इतक्या वर्षांत त्यांना बायको होती हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसलो.

"पन जाऊन जाऊन कराचीचं दुकान पुसल्या गेलं, मास्तर. आता डोळे मिटले का ती अमरावतीच्याच बाकावर बसलेली दिसते. अमरावतीले तं ती कधी आलीच नाई."

त्यांनी माझा हात धरला.

"अन् ते बाक त्याइनं आज मोडून रस्त्यावर टाकलं. आता तिले कुठं बसवू?"